स्टिअरिंगवरचा हात आणि हातातला मोबाइल

मोटार वाहन कायदा संसदेने संमत केला तो १९८८ मध्ये आणि तो अमलात आला १ जुलै १९८९ रोजी. देशात मोबाइलवरून पहिले संभाषण झाले ते त्यानंतर सहा वर्षांनी, ३१ जुलै १९९५ रोजी. पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून केंद्रीय दळणवळण मंत्री सुखराम यांच्याशी दिल्लीत संपर्क साधला आणि भारतात भ्रमणध्वनीचे युग सुरू झाले. त्यामुळे वाहन चालवणाऱ्याच्या हाती एक दिवस दूरध्वनीही असेल, याची कल्पना कायदा रचणाऱ्यांना असण्याचे कारण नव्हते. मूळ कायद्यात मोबाइल हा शब्दच नसणे स्वाभाविक होते. पुढे मात्र हे यंत्र खिशाखिशांत पोहोचले, आणि कायद्याला त्याची थेट दखल घेण्यास २०१९ साल उजाडावे लागले.

मधल्या काळात हा गुन्हा मानला जात नव्हता असे नाही. पण तो नेमका कोणत्या तरतुदीखाली येतो, त्याला शिक्षा काय, दंड भरल्यावर प्रकरण संपते का, सिग्नलला थांबलेले असताना फोन घेतला तर काय, याबाबत सामान्य वाहनचालकांत मोठा संभ्रम होता. तो आजही पुरता दूर झालेला नाही. म्हणूनच या कायद्याचा प्रवास, त्याची आजची स्थिती आणि अन्य देशांचा अनुभव समजून घेणे उपयुक्त ठरावे.

मूळ कायद्यातील पोकळी

१९८८च्या कायद्यातील कलम १८४ धोकादायक वाहन चालवण्याविषयीचे आहे. मूळ कलमात वेग, पद्धत, जागेचे स्वरूप आणि रहदारीचे प्रमाण लक्षात घेऊन एखाद्याचे वाहन चालवणे लोकांना धोकादायक होते का, एवढाच प्रश्न विचारला जाई. पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा होती. मोबाइलवर बोलणाऱ्या चालकास याच कलमाखाली गाठावे लागे. परंतु त्याचे चालवणे प्रत्यक्षात धोकादायक होते, हे दाखवण्याची जबाबदारी पोलिसांवर येई.

दुसरी तरतूद होती ती केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम २१ची. कोणत्या कृत्यांमुळे चालकाचा परवाना निलंबित होऊ शकतो, त्यांची यादी या नियमात दिलेली आहे आणि वाहन चालवताना मोबाइल वापरणे हे कृत्य पुढे तिच्यात समाविष्ट झाले. म्हणजे परवाना जाऊ शकत होता. पण स्वतंत्र गुन्हा म्हणून कायद्याच्या मूळ मजकुरात त्याचा उल्लेख नव्हता.

ही पोकळी किती खरी होती, हे केरळ उच्च न्यायालयाच्या एका निकालाने स्पष्ट झाले. तेथील पोलीस मोबाइलवर बोलत गाडी चालवणाऱ्यांवर केरळ पोलीस कायद्याच्या कलम ११८ (ई) खाली गुन्हे नोंदवत असत. सार्वजनिक सुरक्षिततेला जाणूनबुजून धोका निर्माण करणाऱ्यांसाठी हे कलम आहे. १६ मे २०१८ रोजी खंडपीठाने असा निर्णय दिला की, केवळ फोनवर बोलत गाडी चालवली म्हणून हे कलम आपोआप लागू होत नाही. जे कृत्य कायद्याने स्पष्टपणे गुन्हा ठरवलेले नाही, त्यासाठी दुसऱ्या कायद्याचा आधार ताणून वापरता येणार नाही. वाहन चालवणे प्रत्यक्ष धोकादायक असेल, तर मोटार वाहन कायद्याची तरतूद अर्थातच उपलब्ध होती. निकालाचा अर्थ गाडी चालवताना फोनवर बोलण्यास मुभा मिळाली असा नव्हता; ज्याला शिक्षा द्यायची ते कृत्य विधिमंडळाने आधी स्पष्ट शब्दांत सांगावे, एवढाच त्याचा आशय होता.

२०१९ची दुरुस्ती

हे स्पष्ट शब्द मोटार वाहन (सुधारणा) कायदा, २०१९ने दिले. राष्ट्रपतींची संमती त्याला ९ ऑगस्ट २०१९ रोजी मिळाली आणि दंडविषयक बहुतेक तरतुदी १ सप्टेंबर २०१९पासून लागू झाल्या. कलम १८४ला एक स्पष्टीकरण जोडण्यात आले. लाल दिवा तोडणे, थांबण्याच्या सूचनेचे उल्लंघन करणे, नियमबाह्य पद्धतीने दुसऱ्या वाहनाला मागे टाकणे, वाहतुकीच्या उलट दिशेने वाहन हाकणे आणि सक्षम व काळजीपूर्वक चालकाकडून अपेक्षित असलेल्या दर्जापेक्षा फारच खालच्या दर्जाने वाहन चालवणे, यांच्या पंक्तीत ‘वाहन चालवताना हातात धरायच्या संपर्क साधनाचा वापर’ हे कृत्यही बसवले गेले.

या बदलाचे महत्त्व केवळ दंड वाढण्यात नाही. फोन हातात घेऊन गाडी चालवली की ते चालवणे लोकांना धोकादायक होते, असे कायदाच आता गृहीत धरतो. आपण सफाईने गाडी चालवत होतो, रस्ता रिकामा होता, कुणाला धक्काही लागला नाही, हा युक्तिवाद त्यामुळे दुबळा होतो.

शिक्षेचे स्वरूप असे आहे. पहिल्या गुन्ह्यास किमान सहा महिने ते कमाल एक वर्ष कारावास, किंवा किमान एक हजार ते कमाल पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत तसाच गुन्हा पुन्हा घडल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. लाल दिवा तोडणाऱ्याला आणि फोनवर बोलणाऱ्याला कायदा एकाच मापाने मोजतो, ही गोष्ट पुष्कळ चालकांच्या लक्षात आलेली नसते.

रस्ता दाखवणारा फोन

दुरुस्तीनंतर लगेचच एक व्यावहारिक अडचण पुढे आली. टॅक्सीचालकापासून सहलीला निघालेल्या कुटुंबापर्यंत अनेकजण रस्ता शोधण्यासाठी फोनवरील नकाशाचा आधार घेतात. मग तो वापरही गुन्हाच काय? केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल करून याचे उत्तर दिले. १ ऑक्टोबर २०२०पासून लागू झालेल्या या बदलानुसार वाहन चालवताना अशा साधनाचा वापर केवळ मार्गदर्शनासाठी करता येतो, आणि तोही चालकाची एकाग्रता भंग होणार नाही अशा रीतीने.

म्हणजे सवलत नकाशापुरती आहे. तिचा विस्तार संदेश वाचण्यापर्यंत किंवा चित्रफीत पाहण्यापर्यंत होत नाही. फोन गाडीच्या डॅशबोर्डवरील किंवा दुचाकीच्या हँडलवरील धारकात घट्ट बसवलेला असावा, निघण्यापूर्वीच ठिकाण भरलेले असावे आणि आवाजी सूचना सुरू असाव्यात, ही या नियमाशी सुसंगत अशी पद्धत. एका हाताने हँडल आणि दुसऱ्या हातात नकाशा, ही तऱ्हा मात्र एकाग्रता न भंगण्याच्या अटीत बसवणे कठीण आहे.

कानात इअरफोन किंवा गाडीतील ब्लूटूथ यांचे काय, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. कलम १८४च्या स्पष्टीकरणातील शब्द हातात धरायच्या साधनापुरते आहेत. हातांशिवाय होणाऱ्या संभाषणावर त्यात थेट बंदी नाही. पण त्याच स्पष्टीकरणातील शेवटचे कलम, म्हणजे सक्षम चालकाच्या दर्जापेक्षा फारच खाली जाणारे चालवणे, कोणत्याही कारणाने घडले तरी लागू होऊ शकते. बोलण्याच्या भरात भान हरपून एखाद्याने पादचाऱ्याला उडवले, तर फोन हातात नव्हता हा बचाव पुरेसा ठरत नाही.

दंड भरला, पण प्रकरण संपले नाही

रस्त्यावर पकडला गेलेला चालक सहसा न्यायालयात जात नाही. तो तडजोड शुल्क भरतो आणि मोकळा होतो, अशी त्याची समजूत असते. कायद्याच्या कलम २०० अन्वये राज्य सरकार ठरवील ती रक्कम घेऊन काही गुन्हे आपसात मिटवता येतात. कलम १८४मधील गुन्ह्यांपैकी ही सोय केवळ हातातील संपर्क साधनाच्या वापरापुरतीच आहे.

मात्र याच कलम २००मध्ये २०१९च्या दुरुस्तीने दोन महत्त्वाच्या अटी घातल्या. पहिली अशी की, तडजोड झाली तरी पुढील गुन्हा दुसरा की पहिला हे ठरवताना आधीचा गुन्हा घडलेला आहे असेच मानले जाईल. दुसरी अशी की, शुल्क भरल्यामुळे परवान्यावरील कारवाईतून किंवा उजळणी प्रशिक्षणाच्या बंधनातून सुटका होत नाही. कलम २०६ (४) प्रमाणे कलम १८४खालील गुन्हा घडल्याचे मानण्यास कारण असेल, तर पोलीस अधिकाऱ्याने परवाना ताब्यात घेऊन परवाना प्राधिकरणाकडे, म्हणजे आपल्या बोलीतील आरटीओकडे पाठवायचा असतो. चालकाचे म्हणणे ऐकून घेतल्यावर प्राधिकरणाला कलम १९ (१ए) अन्वये पहिल्या वेळी तीन महिन्यांसाठी अपात्र ठरवता येते. पुन्हा तसाच गुन्हा घडल्यास परवाना रद्दही करता येतो.

परवान्यावरील या कारवाईचा आग्रह नवा नाही. रस्ता सुरक्षेबाबतच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. या समितीने ऑगस्ट २०१५ मध्ये राज्यांना सांगितले की, अतिवेग, लाल दिवा तोडणे, मद्यपान करून वाहन चालवणे, क्षमतेपेक्षा जास्त माल लादणे, मालवाहू वाहनातून माणसे नेणे आणि वाहन चालवताना मोबाइल वापरणे, या गुन्ह्यांत परवाना किमान तीन महिन्यांसाठी निलंबित करावा. पाचशे-हजाराच्या पावतीपेक्षा तीन महिने गाडीपासून दूर राहण्याची भीती चालकाला अधिक सावध करते, हा त्यामागील विचार होता.

मोबाइलच्या नादात एखाद्याचा जीव गेला, तर प्रकरण मोटार वाहन कायद्यापुरते राहत नाही. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ (१) खाली निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत ठरल्यास पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४-अ मध्ये ही मर्यादा दोन वर्षांची होती.

महाराष्ट्राची चालढकल

केंद्राने दंड वाढवले, तरी तडजोड शुल्क ठरवण्याचा अधिकार राज्यांचा असल्याने देशभर एकच चित्र दिसले नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये गुजरात सरकारने अनेक गुन्ह्यांसाठी कमी रकमा जाहीर केल्या. महाराष्ट्रात विधानसभा निवडणूक तोंडावर होती. तत्कालीन परिवहन मंत्री दिवाकर रावते यांनी वाढीव दंडाचा फेरविचार करावा, असे पत्र केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांना लिहिले आणि राज्यात अंमलबजावणी थांबवण्यात आली. ज्या राज्याचे गडकरी प्रतिनिधित्व करतात त्याच राज्याने त्यांच्या कायद्याला थोपवून धरावे, याची तेव्हा बरीच चर्चा झाली. पुढे सरकार बदलले, करोनाची साथ आली आणि सुधारित शुल्क महाराष्ट्रात लागू झाले ते डिसेंबर २०२१ मध्ये. केंद्राचा कायदा आणि राज्यातील अंमलबजावणी यांत अशी सव्वादोन वर्षे गेली.

ब्रिटनने घेतलेला धडा

कायद्यातील शब्दांना किती महत्त्व असते, हे ब्रिटनच्या उदाहरणावरून उत्तम समजते. तेथे १ डिसेंबर २००३पासून वाहन चालवताना हातातील मोबाइल वापरण्यास स्पष्ट बंदी आली. सुरुवातीचा ठरावीक दंड होता अवघा ३० पौंड. २००७ मध्ये तो ६० पौंड झाला आणि परवान्यावर तीन दोषांक नोंदवले जाऊ लागले. २०१३ मध्ये तो १०० पौंडांवर गेला. ऑगस्ट २०१६ मध्ये बर्कशायरमधील ए-३४ या महामार्गावर फोनवर गाणी बदलण्यात गुंतलेल्या ट्रकचालकाने थांबलेल्या वाहनांना धडक दिली. एक महिला आणि तीन मुले मृत्युमुखी पडली. चालकाला दहा वर्षांची शिक्षा झाली. १ मार्च २०१७पासून दंड २०० पौंड आणि दोषांक सहा करण्यात आले. नव्याने परवाना मिळवलेल्या चालकाला पहिल्या दोन वर्षांत सहा दोषांक मिळाले की परवाना गमवावा लागतो. म्हणजे त्याच्यासाठी एक फोनही पुरेसा आहे.

तरीही एक फट राहिली होती. नियमात बंदी होती ती दुसऱ्याशी संपर्क साधण्याच्या वापरावर. एका चालकाने अपघातस्थळाजवळून जाताना फोनवर चित्रीकरण केले. जुलै २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने निर्णय दिला की चित्रीकरण हे संपर्क साधणे नव्हे. सबब या नियमाखाली तो दोषी ठरत नाही. असे वागणे धोकादायक असू शकते आणि त्यासाठी अन्य कलमे आहेत, हेही न्यायालयाने नमूद केले. सरकारने मग नियमच बदलला. २५ मार्च २०२२पासून छायाचित्र काढणे, गाणी निवडणे, खेळ खेळणे, नुसता पडदा उजळवून वेळ पाहणे, असा हातातील फोनचा जवळपास प्रत्येक वापर बंदीच्या कक्षेत आला. सिग्नलला किंवा कोंडीत थांबलेली गाडीही चालवली जात आहे असेच तेथे मानले जाते. आपत्कालीन सेवेला फोन करणे, किंवा थांबलेल्या गाडीतून फोनद्वारे पैसे चुकते करणे, असे मोजके अपवाद ठेवले आहेत.

अमेरिका, जपान आणि अन्य देश

अमेरिकेत हा विषय राज्यांच्या अखत्यारीत येतो. ओहायो राज्यातील ब्रुकलिन या छोट्या शहराने १९९९ मध्येच अशी बंदी घातली होती. राज्य पातळीवर पहिला मान न्यूयॉर्कचा; तेथील बंदी १ नोव्हेंबर २००१ रोजी अमलात आली. संदेश टंकित करण्यावर स्वतंत्र बंदी आणणारे पहिले राज्य वॉशिंग्टन, २००७ मध्ये. कॅलिफोर्नियाचा कायदा १ जुलै २००८चा. तेथेही शब्दांचा घोळ झाला. फोनवर नकाशा पाहणाऱ्या एका चालकाचा दंड २०१४ मध्ये अपील न्यायालयाने रद्द केला, कारण जुन्या कायद्याचा रोख संभाषणावर होता. २०१७पासून नवा कायदा आला आणि जून २०२५ मध्ये तेथील अपील न्यायालयाने फोन हातात धरून नकाशा पाहणे हाही भंगच आहे, असा निर्वाळा दिला.

जपानने १ डिसेंबर २०१९पासून मोटारचालकांसाठीचा दंड सहा हजार येनवरून अठरा हजार येन, म्हणजे तिप्पट केला. १ नोव्हेंबर २०२४पासून सायकल चालवताना फोन वापरणाऱ्यालाही सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा एक लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१८ मध्ये, रस्त्याच्या कडेला गाडी उभी करून फोन हातात घेतलेल्या चालकाचीही सुटका केली नाही.

याविषयी एक आंतरराष्ट्रीय करारही आहे. रस्ते वाहतुकीविषयीच्या १९६८च्या व्हिएन्ना करारात २००६ मध्ये भर घालण्यात आली. चालकाने वाहन चालवण्याखेरीज अन्य हालचाली कमीत कमी ठेवाव्यात आणि वाहन गतिमान असताना हातातील फोनच्या वापरास देशांनी कायद्याने मनाई करावी, असे त्यात म्हटले आहे.

प्रश्न हाताचा की मनाचा?

बहुतेक देशांचे कायदे हाताकडे पाहतात. संशोधनाचे बोट मात्र मनाकडे आहे. टोरांटोतील डोनाल्ड रेडेलमायर आणि रॉबर्ट टिब्शिरानी यांनी अपघात झालेल्या ६९९ चालकांच्या दूरध्वनी नोंदी तपासल्या आणि १९९७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. फोनवर बोलत असताना अपघाताचा धोका सुमारे चौपट होतो आणि हातांशिवाय बोलण्याचे साधन वापरल्याने त्यात फरक पडल्याचे दिसले नाही. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे अपघातानंतर रुग्णालयात आलेल्या ४५६ चालकांचा अभ्यास झाला. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासातही धोका चौपटच आढळला. संभाषणात गुंतलेल्या चालकाचे डोळे रस्त्यावर असले तरी समोरच्या गोष्टी त्याच्या नजरेस येऊनही मनात नोंदवल्या जात नाहीत, हे यूटा विद्यापीठातील डेव्हिड स्ट्रेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांनी दाखवले.

शेजारी बसलेल्या माणसाशी बोलणे आणि फोनवर बोलणे यांत फरक आहे. गाडीतील सहप्रवाशाला समोरचा घाट, वळण, आडवी आलेली गाय दिसते आणि तो आपोआप गप्प होतो. फोनवरील माणसाला यातले काही दिसत नाही. त्याचे बोलणे सुरूच राहते.

संदेश टंकित करणे तर याहून घातक. व्हर्जिनिया टेक संस्थेने २००९ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासात ट्रकचालकांचे कॅमेऱ्यांद्वारे निरीक्षण करण्यात आले होते. संदेश लिहिणाऱ्या चालकाला अपघाताचा किंवा अपघाताच्या उंबरठ्यावर पोहोचण्याचा धोका सुमारे २३ पट असल्याचे त्यात आढळले. दर सहा सेकंदांपैकी सरासरी ४.६ सेकंद त्यांची नजर रस्त्यावर नव्हती. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एवढ्या वेळात सुमारे १२८ मीटर अंतर कापते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर हा वेग नेहमीचा आहे. म्हणजे तेवढे अंतर गाडी डोळे मिटून हाकल्यासारखेच होते.

या निष्कर्षांच्या आधारे अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने डिसेंबर २०११ मध्ये हातांशिवायच्या वापरासह चालकाने फोन वापरण्यावरच बंदी घालण्याची शिफारस केली. ती शिफारसच राहिली. हातातला फोन पोलिसाला दिसतो, मनातले संभाषण दिसत नाही. शिवाय हातांशिवायच्या साधनांवर बंदी घातली तर ती पाळून घेणार कशी, हा प्रश्न उरतो. कायदा हातापाशी थांबला, तो या मर्यादेमुळे.

पुरावा आणि आकडेवारी

अंमलबजावणीत खरी अडचण पुराव्याची आहे. चालक पोलीस दिसताच फोन खाली टाकतो. म्हणून अनेक ठिकाणी कॅमेऱ्यांचा आधार घेतला जाऊ लागला. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याने १ डिसेंबर २०१९ रोजी फोन टिपणारे कॅमेरे सुरू केले; पहिले तीन महिने केवळ सूचनापत्रे पाठवली आणि मार्च २०२०पासून दंड. केरळमध्ये जून २०२३पासून कॅमेऱ्यांच्या जाळ्याद्वारे दंडाची कारवाई सुरू झाली. महाराष्ट्रात मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ मध्ये सुरू झालेल्या वाहतूक व्यवस्थापन यंत्रणेतही मोबाइलचा वापर टिपला जातो.

पुराव्याच्या अडचणीचे प्रतिबिंब आकड्यांतही उमटते. केंद्रीय मंत्रालयाच्या वार्षिक अहवालांनुसार मोबाइलच्या वापरामुळे २०१६ मध्ये ४,९७६ अपघात होऊन २,१३८ माणसे दगावली. २०१७ मध्ये ८,५२६ अपघातांत ३,१७२ मृत्यू झाले. तर २०२१ मध्ये ही संख्या १,९९७ अपघात आणि १,०४० मृत्यू अशी खाली आली. देशातील एकूण अपघाती मृत्यू मात्र २०१७ मध्ये १,४७,९१३ आणि २०२१ मध्ये १,५३,९७२ होते. फोनधारकांची संख्या वाढत असताना त्यापायी होणारे अपघात चौथाईवर यावेत, हे सहज पटणारे नाही. अपघातानंतर मृत चालक सांगू शकत नाही आणि जिवंत चालक कबूल करत नाही. त्यामुळे पंचनाम्यात बहुतेक वेळा ‘अतिवेग’ हेच कारण लिहिले जाते. कागदावरचा आकडा म्हणून वास्तवाहून लहान असण्याचीच शक्यता अधिक.

पोटासाठी फोन

या प्रश्नाची एक बाजू दंडाच्या पावतीत दिसत नाही. घरपोच जेवण पोहोचवणारा तरुण, प्रवासी मिळण्याची वाट पाहणारा रिक्षाचालक किंवा टॅक्सीचालक, यांचा रोजगारच फोनच्या पडद्यावर येतो. नवे काम स्वीकारण्यासाठी मोजके सेकंद मिळतात. ते वाहन चालवताना आले तर बोट पडद्याकडे जातेच. कायदा मात्र शिक्षा करतो ती केवळ चालकाला. एक हजार रुपयांचा दंड ही अशा माणसाची एका किंवा दोन दिवसांची कमाई असते. त्याला सूट द्यावी असा याचा अर्थ नाही. रस्त्यावरच्या पादचाऱ्याचा जीव तेवढाच मोलाचा आहे. पण वाहन धावत असताना काम पाठवायचे नाही, हे बंधन सेवा देणाऱ्या कंपन्यांवर घातल्याखेरीज हा वर्ग कायदा आणि भाकरी यांच्या कात्रीतून सुटणार नाही.

चालकाने लक्षात ठेवावे असे

वाहन सुरू करण्यापूर्वी नकाशात ठिकाण भरावे आणि फोन धारकात बसवावा. वाहन चालवताना येणारे फोन बंद ठेवण्याची सोय बहुतेक फोनमध्ये असते, ती सुरू करावी. फोन घेणे अपरिहार्यच असेल तर रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी गाडी उभी करून बोलावे. द्रुतगती मार्गावर मात्र कडेला थांबणेही जोखमीचे असल्याने पुढील विश्रांतिस्थळापर्यंत थांबावे. सिग्नलला थांबलो म्हणजे वाहन चालवणे संपले, असे समजू नये. चलन आल्यास ते भरून विसरून जाऊ नये. तीन वर्षांत दुसरे चलन आले तर रक्कम आणि परवाना या दोहोंवर परिणाम होतो. आणि समोरचा माणूस गाडी चालवत आहे हे कळताच फोन करणाऱ्यानेच ‘पोहोचल्यावर बोलू’ असे म्हणून तो ठेवावा. ही शेवटची गोष्ट कोणत्याही कायद्यात लिहिलेली नाही. ती घराघरांत पाळली गेली, तर पोलीस आणि कॅमेरे यांच्या नजरेतून सुटणारे पुष्कळसे अपघात टळतील.